निळे रूळ

चाळीस वर्षं मी वायले गावात
लोकांचे दात उपटले, भरले, घासले.
आता तेच चिमटे, तोच छोटा आरसा
तळघरातल्या टेबलावर मांडून
ठोकळ्यांच्या जुन्या आगगाड्या जोडतो.
बायको म्हणते, पेशंट तेवढे बदलले,
हे ओरडत नाहीत.

पांढरे ठोकळे पिवळे पडतात
सिगारेट ओढणाऱ्याच्या दातांसारखे.
उपायही तोच: पेरॉक्साइड, काचेची बरणी
आणि रात्री दहापर्यंत खिडकीत रेंगाळणारं जूनचं ऊन.
बॅटरीचा डबा उघडला की कळतं
कुठल्या घरात खेळ मध्येच थांबला.
सेल आतच राहिलेले, फुटलेले,
तांब्याच्या पट्टीवर हिरवा कळंक.
व्हिनेगरनं पुसतो. कोण रुसलं होतं, विचारत नाही.

मार्चमध्ये फानो बेटावरून रूळ आले,
बिस्किटांच्या डब्यात. निळे, पांढऱ्या स्लीपरांचे.
विकणारी इंगर-लिस फोनवर एवढंच बोलली,
"मोजलेत. सोळा वाकडे, आठ सरळ."
आणि इंजिन?
"ते माझ्याकडे कधी नव्हतंच."

इंजिन सप्टेंबरात सापडलं
कोलिंगच्या एका गॅरेजात, प्रेबेन नावाच्या माणसाकडे.
लाल. एका चाकाचं रबर विरघळून डांबर झालेलं.
घासाघीस केली. त्यानं फारशी केली नाही.

चिकटून बसलेल्या दोन पातळ पट्ट्या
कुठलंही मूल दातांनीच सोडवतं
(माझा निम्मा धंदा त्यावर चालला).
प्रदर्शनातल्या मंडळींना चावलेला तुकडा खपत नाही,
काढून नवा बसवतात.
माझेही दाखवायचे दात तेच.
म्हणून इंजिनाच्या छपराची पट्टी भिंगाखाली धरली:
वरचे मधले दोन, नुकते आलेले पक्के,
कडा अजून करवतीसारख्या,
मध्ये दीड मिलिमीटर फट,
आणि डावा किंचित आत वळलेला,
रांगेतून कुणी मागे पाहावं तसा.

हे तोंड मी पाहिलं होतं.

वर जेवण निवत होतं.
बिस्किटांचा डबा काढला.
सातवा स्लीपर. अकरावा. चौदावा.
तीच फट.

प्रेबेनला विचारलं,
लहानपणी तुमच्या पुढच्या दातांत फट होती का?
असला प्रश्न आजवर मी फुकट कुणाला विचारला नव्हता.
पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला.
"माझ्या नाही. बहिणीच्या."

मग तुकड्यातुकड्यानं:
आईनं रूळ नेले आणि तिला नेलं,
बापानं इंजिन ठेवलं आणि मला.
सारखे वाटे झाले, असं सगळे म्हणाले.
"गालिच्यावरून ढकलायचो मग.
चाकांत लोकर अडकायची."
अडकली होती. मीच काढली,
करडी लोकर आणि एक लांब तांबूस केस.
केराच्या डब्यात गेली मंगळवारी.
ते त्याला सांगितलं नाही.

शेवटी त्यानं विचारलं,
"तिनं किती घेतले?"
त्याला मी कमी दिले होते.
दोनशे क्रोनर उतरवून आकडा सांगितला.
"एवढेच?" तो म्हणाला.
आवाज हलका झाला की जड, कळलं नाही.
फोनवर दात दिसत नाहीत.

रात्री नवे सेल घातले.
गाडी वळणं घेते, सरळ येते
आणि सातव्या स्लीपरवर ठेचकाळते,
चाव्यानं कड उचलली गेलीय तिथे.
कानस हाताशी आहे. एका घासणीचं काम.
त्या दोघांचे नंबर एकाच कागदावर आहेत,
एकाखाली एक,
माझ्या अक्षरात.

ठेचकाळते, ओलांडते, पुन्हा येते.
जिन्यावरून बायको विचारते,
दर फेरीला कसला आवाज येतोय?
"दात," मी म्हणतो.